मंडळाचे बिल्ले घरी बनवायचे तर मशीनसोबत काय काय लागतं?

तुम्ही विचारलंय की खानापूरकडच्या तुमच्या गणपती मंडळासाठी दोन-तीनशे बिल्ले घरीच करायचेत, तर मशीन कुठलं घ्यावं आणि बाकी सामान काय लागतं. मी बेळगावात शहापूरला राहतो, आमच्या गल्लीच्या मंडळाचे आणि शिवजयंतीचे बिल्ले गेली काही वर्षं मीच करतोय, त्यावरनं सांगतो.

मशीनची चौकशी सगळेच करतात पण काम अडतं ते कटरवर. 58 एमएमचा बिल्ला असेल तर कागद 70 एमएमचा गोल कापावा लागतो, कारण चारी बाजूनं 6 एमएम कागद बिल्ल्याच्या पुढच्या गोल पत्र्याच्या कडेवरनं वळून मागं जातो आणि तिथं दाबला जातो. गोल लहान पडला तर कडेला पत्रा दिसतो, मोठा झाला तर मागं घडी जमा होते आणि मशीन दाबताना अडकतं. पहिल्या वर्षी आम्ही पेन्सिलीनं गोल काढून कात्रीनं कापले, पन्नासपर्यंत ठीक होतं, पुढं हात दुखायला लागला आणि गोल वाकडे यायला लागले. तुमचे दोन-तीनशे आहेत म्हणजे सरळ 70 एमएमचा दाबायचा पंच कटर घ्या. फिरवायचा ब्लेडवाला कटर स्वस्त पडतो आणि माप बदलता येतं, पण खाली मॅट लागते आणि कागद जरा सरकला की गोल गेला.

मशीन 58 चंच घ्या, कार्यकर्त्याच्या छातीवरचं नाव चार हातांवरनं वाचता येतं. 44 पण छान दिसतो पण त्यात मंडळाचं नाव, गल्ली आणि साल एवढं सगळं बसवायला गेलात तर अक्षरं मुंगीएवढी होतात. एकाच माणसाकडनं मशीन, कटर आणि सुटे भाग घ्या हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. एकदा मी पत्रे दुसऱ्या दुकानातनं आणले, पाकिटावर 58 च लिहिलेलं, पण कडेची उंची जराशी वेगळी निघाली आणि मिरवणुकीत निम्म्या बिल्ल्यांचं मागचं झाकण सुटलं.

सुटे भाग म्हणजे पुढचा पत्रा, पारदर्शक प्लास्टिकची चकती आणि पिनवालं मागचं झाकण, कागद आपला. अमेरिकेत व्हाइटहेड अँड होग कंपनीनं 1896 साली ज्या बिल्ल्याचं पेटंट घेतलं त्याची रचना साधारण अशीच, तेव्हा वर प्लास्टिकऐवजी सेल्युलॉइड असायचं. पहिल्या साच्यात पत्रा, त्यावर कागद, त्यावर प्लास्टिक ठेवून दाबायचं, ते तिन्ही वरच्या साच्यात उचलले जातात, मग दुसऱ्या साच्यात झाकण ठेवून परत दाबायचं की झालं. आता एक नीट लक्षात ठेवा, पत्रे एकात एक बसवून येतात आणि दोन पत्रे असे चिकटतात की हाताला कळतच नाही. दोन गेले की साचा जाम. आमच्याकडं पत्रा ठेवणारा पोरगा प्रत्येक पत्रा नखानं टिचकी मारून बघतो, एकटा असला की आवाज पातळ येतो. प्लास्टिकच्या चकत्यांचं पण तसंच, त्या जरा वाकवून फुंकर मारा म्हणजे सुटतात. आणि साच्याच्या कडेला मार्करनं एक खूण करून ठेवा, चित्राचा वरचा भाग आणि आडवी पिन त्या खुणेला धरूनच ठेवायची, नाहीतर बिल्ला लावल्यावर बाप्पा तिरका दिसतो आणि ते मनाला फार लागतं.

कागद 90-100 जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असतं) आसपासचा बास, जाड कार्डशीट नको. आपल्याकडं भाद्रपदात पण पाऊस असतोच आणि खानापूरला तर विचारायलाच नको, कागद ओल धरतो. इंकजेटवर काढलेलं एक रात्रभर पंख्याखाली वाळवल्याशिवाय प्लास्टिकखाली घालू नका, रंग फुटतो. शक्यतो लेझर प्रिंट काढा. पत्र्याचं पाकीट पण उघडं टाकू नका, गंज चढतो.

ए-फोरच्या रुंदीत 70 चे तीन गोल म्हणजे बरोब्बर 210 एमएम होतात, पण प्रिंटर कडेला थोडी पांढरी जागा सोडतो. ती मागं वळणाऱ्या भागात जाते म्हणून चालतं, फक्त कापताना कागद सरकवू नका. अक्षरं मधल्या 50 एमएमच्या आतच ठेवा. फाइल प्रिंटवाल्याकडं देणार असाल तर पीडीएफ द्या किंवा अक्षरांचं चित्र करून द्या, कारण त्यांच्या कॉम्प्युटरवर आपला मराठी फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं जातं. आमच्या एका लॉटवर 'गणेशोत्सव' हा शब्दच असा फुटून आला होता, सगळे परत काढावे लागले. कन्नड आणि मराठी दोन्ही लिहिणार असाल तर आधी एकच पान काढून दोन्ही भाषा येणाऱ्या कुणाकडनं तरी वाचून घ्या.

महिला मंडळासाठी करणार असाल तर पिनऐवजी मॅग्नेटचं झाकण मागवा, रेशमी काठाला भोक पडत नाही. फक्त ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांना मॅग्नेटवाला देऊ नका. आणि तीनशे लागणार असतील तर सुटे भाग साडेतीनशे मागवा, शिकेपर्यंत वीस-तीस तरी वाया जातात, ऐनवेळी बेळगावातही त्याच मापाचे मिळतील याचा भरवसा नाही.