दारू न घालता फळं आणि पुदिना, गवती चहा वगैरे वापरून फसफसणारं पेय घरी कसं करायचं?

तुम्ही लिहिलंय की मिक्सरमधून काढलेल्या फळात सोडा ओतला की सगळा फेस ग्लासाबाहेर येतो आणि मागे उरतं ते पांचट सरबत. तसंच होणार. सोड्यातला वायू कशाला तरी धरून बाहेर पडतो आणि गराचा कणन्‌कण त्याला तशी जागा करून देतो. वरून मीठ भुरभुरवलंत तर विचारूच नका. म्हणून गर सोड्यात जाऊच द्यायचा नाही. घट्ट, गाळलेला, थंडगार पाक आधी करून ठेवायचा आणि सोडा ऐनवेळी घालायचा.

आमच्या बेळगावात उन्हाळ्यात खानापूर-जांबोटीकडच्या रानातली करवंदं बाजारात येतात. या पेयाला माझी पहिली पसंती त्यांनाच. आंबटपणा अंगचाच असतो, रंग तर बघत राहावा असा.

अर्धा किलो पिकलेली काळी करवंदं घ्या. चीक असतो, म्हणून देठं काढून दोन-तीन पाण्यांनी धुवा. पेलाभर पाणी घालून मंद आचेवर ठेवा. सालं फुटून पाणी गडद लाल झालं की पळीच्या पाठीनं चेचा. इथं मिक्सर नकोच, बिया भरडल्या की तुरटपणा उतरतो. याच वेळी पाव किलो साखर आणि चिमूटभर मीठ घालून विरघळवा. गॅस बंद केल्यावर गवती चहाच्या चार-पाच पातींची गाठ मारून आत सोडा आणि झाकण ठेवा. दहा मिनिटं पुरेत. पाती उकळत ठेवलीत तर वास सगळ्या घराला लागतो, पेयाला सोडून.

मग ओल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. घाई झाली तरी फडकं पिळू नका, नाहीतर गर खाली उतरतो आणि परत तोच फेस. पाक फ्रिजमध्ये चांगला गार होऊ द्या, सोडाही गारच हवा. पाणी जितकं थंड, तितका वायू त्यात धरून राहतो. ग्लासात ४० मिली पाक, त्यावर १६० मिली सोडा. ग्लास तिरका धरून कडेनं ओता, चमच्यानं एकदाच खालून वर हलवा. सोड्याच्या ७५० मिलीच्या बाटलीत साधारण साडेचार ग्लास होतात.

पुदिना पाकात शिजवू नका, काळा पडतो. पानं तळहातावर ठेवून एक टाळी वाजवायची आणि ग्लासात टाकायची. तुळस मला काढ्यातच बरी वाटते.

करवंदं संपली की आमसुलं आहेतच. रात्रभर भिजवा, पण मीठ चव बघूनच घाला, बऱ्याच आमसुलांत ते आधीच असतं. त्यांच्याबरोबर आलं छान लागतं. अननसही चालेल, फक्त दोनदा गाळा. गोटी सोडा मिळाला तर साधा घ्या. जिऱ्याचा घेतलात तर फळाची चव मेलीच म्हणून समजा.

खायचा सोडा आणि लिंबू एकत्र करून बुडबुडे येतात खरे, पण चव पित्तावरच्या पुडीसारखी. आलं-साखर आंबवून गॅस आणायची रीतही आहे, पण त्यात वायूबरोबर थोडी दारूही तयार होते आणि झाकण घट्ट लावलेली काचेची बाटली फुटू शकते. तुम्हाला दारू नकोच आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. घरात सोडा मशीन असेल तर त्यात फक्त पाणी भरा, सरबत नाही.

पाहुणे जास्त असतील तर पातेल्यात एकदम कालवून ठेवू नका. ग्लासांत पाक ओतून ठेवा आणि मंडळी येऊन बसली की मगच बाटल्या उघडा.