चलानाचे तीन हजार वाचवताना पाच एकर पणाला

प्रश्न: धामणगाव रेल्वेजवळ सहा एकर शेती आहे, भाव एकरी सहा लाखांच्या घरात. 2019 ची सात सीटर डिझेल गाडी आहे. समृद्धीवर वेगाची तीन चलानं आली, एकूण 6,000 रुपये. मार्चच्या लोकअदालतीत निम्म्यात मिटतात म्हणे. थांबू की आताच भरू? गाडीचा विमा 20 ऑक्टोबरला संपला, तेव्हा हातात पैसा नव्हता. एजंट म्हणतो, चलान भरल्याशिवाय नवीन विमा निघत नाही, म्हणून तोही मार्चनंतरच. महिन्यातून तीन-चारदा गावातले पेशंट नागपूरला नेतो, खेपेचे 2,000 घेतो. मनीबॅक पॉलिसीचा 36,000 चा हप्ता फेब्रुवारीत आहे, तो मात्र चार वर्षांत एकदाही चुकवला नाही. (पत्र 6 जानेवारीचं.)

उत्तर: भाऊ, चलानाचं नंतर बघू. आधी गाडी अंगणात उभी करा आणि विमा निघेपर्यंत हलवू नका. अडीच महिने तुम्ही विम्याशिवाय माणसं घेऊन हायवेवर फिरताय, आणि ते पत्रात ओघात लिहून मोकळे झालात.

एक हिशेब सांगतो. तुमच्या गाडीखाली महिन्याला 15,000 कमावणारा 32 वर्षांचा माणूस गेला, घरात चार जण त्याच्यावर अवलंबून. अपघात न्यायाधिकरण कसं मोजतं? वर्षाचे 1.8 लाख. पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात 40 टक्के भर, झाले 2.52 लाख. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले 1.89 लाख. या वयाला गुणक 16. म्हणजे 30 लाख, वर अंत्यविधी वगैरेचे वेगळे. व्याज वेगळं. विमा असता तर हे कंपनीने भरलं असतं. नसेल तर ड्रायव्हर आणि मालक भरतो, म्हणजे तुम्हीच. आणि ही रक्कम जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. तुमच्याच भावाने पाच एकर गेले.

चलान थकलं म्हणून विमा घेताच येत नाही, असा नियम नाही. एजंटने चुकीचं सांगितलं. चलान थकल्यावर आरटीओतली कामं अडतात: गाडी नावावर करणं, कर्जाचा बोजा उतरवणं. विमा नाही.

आता तारीख बघा. विमा संपल्यापासून 90 दिवसांच्या आत नवीन घेतला तरच नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, टिकतो. तुमचे 90 दिवस 18 जानेवारीला भरतात. पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस 50 टक्के असतो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता 10,000 धरला तर बोनससकट 5,000. थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, दीड हजार सीसीच्या आतल्या गाडीला 2022 च्या दराने 3,416. मालक-चालकाचा अपघात विमा आणि 18 टक्के जीएसटी धरून सगळे मिळून साधारण दहा-साडेदहा हजार. मार्चपर्यंत थांबलात तर हेच साडेसोळा हजारांच्या आसपास जाईल. म्हणजे लोकअदालतीत तीन हजार वाचवायला सहा हजार घालवणार, तेही निम्म्यात मिटेलच याची खात्री नसताना.

नुसती थर्ड पार्टी घेऊन भागवू नका. खाजगी गाडीत बसलेल्यांना ती पॉलिसी धरत नाही. नुसती थर्ड पार्टी आणि दोन्ही विमे एकत्र असलेली पॅकेज पॉलिसी, यांतला हा फरक सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलाय. पॅकेज पॉलिसीच घ्या. खंड पडल्यामुळे गाडीची तपासणी मागतील, बहुधा मोबाईलवर व्हिडिओ काढून भागतं. जुना डेंट लपवू नका, तोच पुढे क्लेममध्ये आडवा येतो. यातून एक सोय आपोआप होते: आता विम्याची तारीख जानेवारीत येईल, कापसाचा चुकारा हाती असताना.

पण पॅकेज पॉलिसीसुद्धा पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन बसवलेल्या माणसाला वाचवत नाही. भाडं घेतलं की पॉलिसीची अट मोडली. गाडीचं नुकसान कंपनी नाकारेल, आणि पेशंटला काही झालं तर कंपनीला आधी द्यायला लावून मग तुमच्याकडून वसूल करतील. परमिटशिवाय भाड्याने चालवण्याचा दंड 10,000 पर्यंत जातो. आणि हे सगळं कशासाठी? जाऊन-येऊन 250 किलोमीटर, लिटरला 16 धरले तरी डिझेल 1,400. टोल दोन्ही बाजूंचा 400. उरले 200. टायर-सर्व्हिसिंग धरलंच नाही. 2,000 चं एक चलान म्हणजे दहा खेपांची कमाई. समृद्धीवर कारला मर्यादा 120 ची आहे. शंभर किलोमीटर 140 ने तोडले तर सात मिनिटं वाचतात, आणि हवेचा अडथळा तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढतो, तो डिझेलमधून जातो. भाडं करायचंच असेल तर पिवळी पाटी, परमिट, पासिंग आणि व्यावसायिक विमा करून करा. महिन्याला चार खेपांत ते परवडणार नाही. गावातल्याला न्यायची माणुसकी असेल तर पैसे न घेता न्या. जीवावरचं दुखणं असेल तर 108 ला फोन करा, ती सेवा फुकट आहे.

आता चलानांचं. महाट्रॅफिक ॲपवर फोटो, नंबर आणि वेग तपासा. चूक दिसली तर तिथेच तक्रार टाका. बरोबर असतील तर गाडीचा विमा निघाल्यावर तिन्ही भरून टाका, लोकअदालतीसाठी थांबू नका. वेगाचा गुन्हा दुसऱ्यांदा झाला की लायसन्स जप्त होऊन निलंबनाची कारवाई होऊ शकते. निलंबित लायसन्सवर अपघात झाला तर विमा असूनही वसुली तुमच्याकडूनच. मेसेजमध्ये आलेली लिंक किंवा फाइल उघडू नका, खोटी चलानं पाठवून खाती रिकामी करणारे फिरताहेत.

यासाठीचा पैसा मनीबॅकचा हप्ता थांबवून काढा. वर्षाला 36,000 भरून संरक्षण किती? साधारण पाच लाख. परतावा पाच टक्क्यांच्या आसपास. हप्ता घ्यायला एजंट दारात येतो म्हणून तो कधी चुकत नाही, आणि ज्या विम्यावर जमीन टिकून आहे तो मागे पडतो. ही पॉलिसी तुमच्या गरजेला विकलीच गेली नव्हती. आधी 50 लाखांच्या टर्म विम्याचा (परतावा नाही, फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम) अर्ज टाका, सातबारा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडा. हप्ता वयानुसार आठ-दहा हजारांच्या घरात येईल, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून त्यावर जीएसटी नाही. विवाहित महिला संपत्ती कायद्याखाली घ्या, म्हणजे देणेकऱ्यांना पत्नी-मुलांच्या त्या पैशाला हात लावता येणार नाही. फॉर्मवरचा हा रकाना एजंट सांगत नाहीत. पॉलिसी निघाल्यावर तो भरता येत नाही. टर्मची पॉलिसी हातात पडली की मनीबॅक पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि पॉलिसी कमी रकमेवर चालू. फेब्रुवारीच्या हप्त्याला 30 दिवसांची मुदत असते, तेवढ्यात हे बसतं. वेळ लागला तर एक हप्ता भरा, पण मधल्या काळात घर उघडं ठेवू नका.

गाडीच्या विम्याला मात्र चुकाऱ्याची वाट बघू नका. चलानाला लागणारे 6,000 आधी त्यात घाला, उरलेले चार-साडेचार हजार उसने घ्या, आणि 18 तारखेच्या आत पॉलिसी काढा.