मित्राची एकांकिका ऐकताना

सांगली

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. गटातल्या मित्राने एकांकिका वाचून दाखवली, सगळे ‘छान, मस्त’ म्हणाले, तूही म्हणालीस, आणि घरी आल्यावर तुला ते खोटं वाटत राहिलं. ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. ‘छान’ ऐकून घरी गेलेल्या लेखकाच्या हाती काही लागत नाही. कोणतं वाक्य ठेवायचं आणि कोणतं काढायचं, हे त्याला काल जेवढं कळत होतं तेवढंच आजही कळतं. ऐकताना तू कुठे त्याच्याबरोबर होतीस आणि कुठे त्याचा हात सुटला, ते त्याला पान आणि वाक्यासकट हवं असतं. माझ्या लेखी दाद म्हणजे हीच.

संहिता हातात आली की पहिल्या वाचनाला पेन्सिल घेऊ नकोस. फोन लांब ठेव आणि एका बैठकीत शेवटापर्यंत जा. प्रेक्षकाला मागचं पान उलटता येत नाही, म्हणून तूही उलटू नकोस. मधेच ‘हा सुधीर म्हणजे कोण?’ असं झालं तर तीच पहिली नोंद. मागे जाऊन उत्तर शोधलंस की ती नोंद हातची जाते. वाचून झालं की संहिता मिटव आणि पाच मिनिटांत आठवेल ते वहीत लिही: एखादं वाक्य, एखादी वस्तू, कोण कुठे उभं होतं. चाळीस मिनिटांच्या नाटकातून फक्त शेवटचा धक्काच आठवत असेल, तर मधला भाग त्या धक्क्यापर्यंत पोचण्यापुरता लिहिलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

दुसरं वाचन मोठ्याने, घड्याळ लावून. नेहमीच्या टायपिंगचं ए-फोर आकाराचं एक पान रंगमंचावर साधारण दीड ते दोन मिनिटं घेतं, म्हणजे 25 पानांची एकांकिका सुमारे 38 ते 50 मिनिटांची झाली. बसून केलेल्या वाचनात हालचाली, हशा आणि पॉज धरलेले नसतात, त्यामुळे वाचनाच्या वेळेत पाच-सात मिनिटं वाढवून धर. ब्लॅकआउट वेगळे मोज. नुसता अंधार आणि पुन्हा उजेड यात दहा-पंधरा सेकंद जातात, सामान हलवायचं असेल तर त्याहून जास्त. सहा ब्लॅकआउट असले की निदान एक-दीड मिनिट प्रेक्षक अंधारात बसणार आणि सहा वेळा त्याची तंद्री मोडणार. मित्राला ‘ब्लॅकआउट कमी कर’ असं मोघम सांगू नकोस. ‘चौथा ब्लॅकआउट भांडण विकोपाला जाणार तिथेच येतो, त्यामुळे ते भांडण मला बघायलाच मिळालं नाही,’ असं सांग. अवघड प्रसंग लिहायचा टाळण्यासाठी अंधार वापरला जातो, आणि लेखकाला बहुतेक वेळा ते स्वतःला दिसत नाही.

तिसऱ्या वाचनाला पेन्सिल. खुणा तीनच ठेव: जिथे गुंतलीस तिथे समासात उभी रेघ, जिथे लक्ष उडालं तिथे वर्तुळ, जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. वाक्यं दुरुस्त करायची नाहीत. एकदा का तू त्याच्या पानावर तुझं वाक्य लिहिलंस, की तो तुझ्या वाक्याशी भांडत बसतो आणि मूळ अडचण तशीच राहते.

एकांकिकेत वर्तुळं कुठे पडतात याचे काही ठरलेले अड्डे आहेत. सगळ्यात मोठा अड्डा माहितीचा. सख्खी भावंडं एकमेकांना सांगतात, ‘तुला माहीतच आहे, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली आणि घर अजून काकांच्या नावावर आहे.’ माहीतच आहे तर सांगतोस कशाला? हीच माहिती भांडणात हत्यार म्हणून आली, म्हणजे बहिणीने ‘घरपट्टी कोणाच्या नावाने येते बघ आधी’ असं तोंडावर फेकलं, की प्रेक्षकाला ती मिळते आणि नाटकही पुढे सरकतं. दुसरा अड्डा फोनचा. पात्र फोनवर बोलतं आणि पलीकडचं सगळं आपल्यासाठी परत उच्चारतं. एका एकांकिकेत दोनपेक्षा जास्त फोन आले तर नोंद कर.

तिसरा सूत्रधाराचा, आणि सांगलीत बसून यावर बोलायला हवंच. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणत कथा पुढे न्यायचा आणि पात्रं त्या अनुषंगाने आपली भाषणं ऐनवेळी करायची. प्रयोगाचा सगळा भार त्याच्या गळ्यावर होता. आजच्या एकांकिकेत तो येऊन ‘ही गोष्ट आहे एका गावाची’ म्हणतो, प्रसंगाचा सारांश सांगतो आणि मग तोच प्रसंग आपण बघतो. त्याचं पान झाकून वाच. काही अडलं नाही तर तसं लिहून कळव. मात्र सूत्रधार खोटं बोलत असेल, प्रसंगाशी त्याचं पटत नसेल, तर तो कामाचा आहे. तिथे उभी रेघ मार.

विषयाला टाळी देऊ नकोस. शेतकऱ्याची आत्महत्या, मुलीचं शिक्षण, जात, पूर हे विषय मोठे आहेतच, पण तो मोठेपणा लेखकाने कमावलेला नसतो. आपल्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ 1899 सालचं. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न लावण्याच्या चालीवर ते होतं, पण मनात राहते ती शारदा. मित्राच्या संहितेतही असंच विचार: हे माणूस कोण, त्याला आज या क्षणी काय हवंय, आणि कोण आडवं येतंय? शेवटी पात्र प्रेक्षकांकडे वळून भाषण करू लागलं, तर भाषणाआधीचं शेवटचं वाक्य शोध. बऱ्याचदा नाटक तिथेच संपलेलं असतं.

आता तू मुद्दाम विचारलेलं, एकट्याच्या बोलण्याचं.

आधी प्रकार नीट वेगळे ओळख, कारण चुकीच्या मापाने मोजलंस तर दादही चुकते. स्वगतात माणूस स्वतःशी बोलतो. एकपात्रीत नट एक असतो, पण तो दहा माणसं उभी करू शकतो. नाट्यछटेत बोलणारा एकटा असला तरी समोर कोणीतरी आहे. त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही, बोलणाऱ्याच्या शब्दांवरून कळतं. दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे यांनी, 1911 पासून हा प्रकार मराठीत रुजवला. पाच मिनिटांच्या छटेला साधारण 500 शब्द पुरतात. हजार शब्द असतील तर नटाला श्वास घ्यायला जागा उरत नाही, आणि न ऐकू येणाऱ्या माणसाला उत्तर द्यायलाही.

समजा, गटातल्या कोणी पुरावर लिहिलंय. 2005, 2019, 2021 बघितलेल्या सांगलीत ते कोणीतरी लिहिणारच. नदीकाठच्या घरातली बाई नवऱ्याशी बोलतेय:

‘बेचाळीस. आत्ताच गाडी सांगून गेली. गादी माळ्यावर टाका म्हणालासा, टाकली. हळदीची पोती ऱ्हाऊ देत म्हणालासा, ऱ्हायली. त्रेचाळीस झालं की मी म्हशीचं दावं सोडणार. इचारायला येणार न्हाई.’

यात उभी रेघ कुठे, आणि का, हे सांगता आलं पाहिजे. नवरा एक शब्द बोलत नाही, तरी त्याचा हेका आपल्याला दिसतो, कारण बाई त्याची आज्ञा आणि तिचा परिणाम एकाच वाक्यात सांगते. दोन आज्ञा पाळून झाल्यात, तिसरी ती मागतच नाही. वळण शेवटच्या तीन शब्दांत आहे. तू लिहायचंस ते हे. ‘बाईचं दुःख फार छान मांडलंय’ एवढ्यावर थांबू नकोस. ते कोणत्याही पूरकथेबद्दल म्हणता येतं.

हीच जागा बिघडते कशी तेही बघ. ‘काय म्हणालासा? म्हस सोडू नको? का बरं सोडू नको?’ असं लिहिलं की बाई नवऱ्याची पोपटपंची करायला लागते आणि समोरचा माणूस नाहीसा होतो. नाट्यछटा वाचताना अशा परत उच्चारलेल्या प्रश्नांची संख्या समासात मांड. एखाददुसरा चालतो, कारण माणसं खरोखर तसं बोलतात. पाच-सहा झाले की संबंध छटाच फोनवरचं बोलणं वाटते.

आणि एक प्रश्नचिन्ह. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 वर धोका, हे आपल्याला पाठ आहे, म्हणून ‘बेचाळीस’ ऐकताच पोटात गोळा येतो. हीच छटा पुण्याच्या स्पर्धेत झाली तर तिथल्या माणसाला तो नुसता आकडा. हे लेखिकेला जरूर सांग, पण ‘आकडे समजावून सांग’ असं सुचवू नकोस. तसं केलंस तर ती पहिल्याच वाक्यात पाणीपातळीचा तक्ता घालेल. ‘बेचाळीसची भीती बाहेरच्या माणसाला कुठून कळेल?’ एवढंच विचार. ती कदाचित बाईला पायरी मोजायला लावेल, कदाचित शेजारचं घर रिकामं करेल. उपाय शोधणं तिचं काम आहे.

बोलीबद्दलही लिहीत राहा, कारण इथे आपण सगळेच हयगय करतो. पहिल्या ओळीत ‘म्हणालासा’ म्हणणारी बाई दहाव्या ओळीत ‘म्हणालात’ म्हणाली तर वर्तुळ. जतकडचा माणूस, मिरजेच्या पेठेतला, माण खटावचा आणि कऱ्हाडचा हे एकसारखं बोलत नाहीत. नुसतं ‘न्हाई’ आणि ‘काय बी’ पेरलं की गावाकडची भाषा होत नाही. शिवाय हे बघ की नाटकात बोली कोणाच्या वाट्याला आली आहे. डॉक्टर आणि मास्तर पुस्तकी बोलतात आणि फक्त गडी बोलीत बोलून हशा मिळवतो, असं असेल तर ते स्पष्ट शब्दांत लिही. इथे भीड धरू नकोस.

प्रयोग बघायला जाशील तेव्हा वेगळी काळजी. ‘हे वाक्य मला भिडलं ते वाक्यामुळे की नटीमुळे?’ हे स्वतःला विचारत राहा, आणि दोघांची दाद दोघांना वेगवेगळी दे. पार्श्वसंगीत वाजल्यावरच डोळे भरून आले असतील तर घरी तो प्रसंग नुसता वाचून बघ. जमलं तर एक प्रयोग पुढून बघ, दुसरा अगदी शेवटच्या रांगेतून. खुर्च्या कधी करकरतात, खोकला कधी येतो, मोबाइलचे उजेड कधी दिसतात, हे मागूनच कळतं. या तीन गोष्टी एकाच जागी झाल्या तर त्या संहितेतलं पान शोध.

गटाच्या वाचनासाठी एक पद्धत लावून घ्या. एका संध्याकाळी दोनपेक्षा जास्त एकांकिका नकोत. वाचन लेखकाने स्वतः करू नये; तो आपल्या आवाजाने सगळ्या फटी बुजवतो. भूमिका इतरांना वाटा, रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवा, लेखकाने फक्त ऐकावं. त्यानंतरची पहिली वीस मिनिटं त्याने खुलासा करायचा नाही. आधी प्रत्येकाने आपल्याला काय दिसलं ते सांगायचं: गोष्ट काय घडली, कोणाला काय हवं होतं. पाच जणांनी पाच वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर लेखकाला तिथेच बरंच कळतं. मग प्रश्न. मग लेखकाचे प्रश्न. मतं सगळ्यात शेवटी, आणि तीही त्याने मागितली तर. हा क्रम उलटा झाला की पहिलं जोरदार मत देणाऱ्याच्या मागे सगळी खोली जाते. हे नेहमी होतं, आणि त्यात बुजरी, पण नेमकं ऐकणारी माणसं गप्प होतात.

बोलून झालं तरी लिहून दे. दोन दिवसांच्या आत, एका पानात. तीन जागा जिथे तू गुंतलीस, कारणासकट, दोन जागा जिथे सुटलीस, एक प्रश्न. गुंतलेल्या जागा आधी लिही. गोड बोलण्यासाठी म्हणून नाही. पुढच्या खर्ड्यात लेखक चांगल्याच जागा आधी कापतो, कारण त्या त्याला सहज जमलेल्या असतात आणि म्हणून हलक्या वाटतात. ‘पान 7, आई डबा भरत राहते आणि उत्तर देत नाही, ते ठेव’ हे कोणीतरी त्याला सांगायला हवं.

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. मित्राचं लिखाण आपल्यापेक्षा सरस निघालं की आत काहीतरी टोचतं, हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस, बरं केलंस. टोचलं ती जागा वहीत उतरव आणि तिथे त्याने काय केलंय ते मोज: किती वाक्यं, कोण गप्प राहिलं, कोणती वस्तू कधी हातात आली. मोजायला लागलीस की टोचणी मागे पडते आणि तंत्र हाती येतं. मात्र गटात ऐकलेली कल्पना परस्पर आपल्या नाटकात घ्यायची नाही, कोणाची संहिता न विचारता व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायची नाही, आणि प्रयोग करायचा तर लेखी परवानगी आणि ठरलेलं मानधन लेखकाला आधी.

रविवारी मित्राचं दुसरं वाचन आहे म्हणालीस. पहिल्या वेळी तुला आठवत असलेल्या जागा आज रात्रीच, संहिता न उघडता, लिहून ठेव. तो पान 12 वरचा फोन काढून येईल असं मला वाटतं. काढला असेल तर त्या जागी आता काय घडतं, ते मला कळव.

तुझा
काका