घरच्या बागेसाठी लाल-काळी द्राक्षे: कोणता वाण लावावा?

प्रश्न : सासवडजवळ आमची पाच गुंठे मोकळी जमीन आहे. माती हलकी, मुरमाड. विहिरीला मार्चअखेरपर्यंत पाणी असते. आमचे जाणे फक्त शनिवार-रविवारी होते. घरी खायला आणि नातेवाइकांना द्यायला लाल किंवा काळी बिनबियांची द्राक्षे लावायची आहेत. फ्लेम, क्रिमसन, शरद, जंबो अशी नावे ऐकली. यातला कोणता वाण घ्यावा?
– एक वाचक, पुणे

उत्तर : वाणाच्या आधी पाण्याचे बघू या, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यांत अडचणीची गोष्ट तीच आहे. द्राक्षाला आपल्याकडे वर्षातून दोनदा छाटावे लागते. ऑक्टोबरची गोडी छाटणी फळासाठी, एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, म्हणजे पुढे घड देणाऱ्या फांदीसाठी. पुढच्या हंगामाचा घड एप्रिल छाटणीनंतर साधारण 40 ते 60 दिवसांत डोळ्याच्या आत तयार होतो. म्हणजे तुमची विहीर आटते नेमक्या त्याच वेळी वेलीला पाण्याची सर्वांत जास्त गरज असते. 10 × 6 फुटांवरच्या वाढलेल्या वेलीला एप्रिल-मेच्या उन्हात, छाटणीनंतरचे पहिले 40 दिवस, ठिबकने रोज 20 ते 25 लिटर लागते. त्यानंतर घडनिर्मितीच्या काळात ते मुद्दाम एक तृतीयांशावर आणतात. या दिवसांत वेल वाळली, तर ऑक्टोबरमध्ये फूट जोमाने येते, पण घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तणावा निघतो.

या अंतराने एका गुंठ्यात 18 वेली बसतात, पाच गुंठ्यांत 90. त्यांना रोज दोन हजार लिटर लागेल. आमचा आग्रह असा, की 40 वेलीच लावा. रोजचे हजार लिटर साठवण टाकीतून भागवता येते. चांगल्या सांभाळलेल्या वेलीवर 10 किलो माल धरला तरी 400 किलो द्राक्षे होतात. वाटून वाटून थकाल एवढी.

आता वाण. तुमच्यासाठी शरद सीडलेस. हा किशमिश चॉर्नी या रशियन वाणापासून आलेला. मणी काळा, बिनबियांचा, करकरीत, आणि गोडी 20 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेच्या टक्क्यांच्या) वर सहज जाते. महाराष्ट्राच्या हवेत त्याचा रंग भरवशाने उतरतो. जीएच्या, म्हणजे मणी वाढवणाऱ्या जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या, बुडवण्या न देताही खाण्यासारखा घड मिळतो, मणी फक्त लहान राहतो. घरच्या बागेत तो लहानच राहू द्यावा.

जंबो म्हणून जे विकले जाते, ते जुन्नर-नारायणगाव भागातल्या बागायतदारांच्या मेहनतीचे फळ आहे. एकेका घडाची कात्रीने विरळणी आणि संजीवकांचे काटेकोर वेळापत्रक यांवर तो आकार उभा असतो. ते काम आठवड्यातून दोन दिवसांत होणारे नाही. क्रिमसन उशिरा पिकतो. पिकताना मार्चचे ऊन गाठले, तर लाल होण्याऐवजी फिका गुलाबी राहतो. फ्लेम चवीला उत्तम, पण रंगाच्या बाबतीत लहरी. हौस असेल तर चार-पाच वेली लावा, सगळी बाग नको.

दहा वेली मात्र सोशिक वाणाच्या ठेवा, असे आम्ही सुचवू. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-516 हा कटॉबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून आला आहे. बुरशीजन्य रोगांना तो खाण्याच्या नेहमीच्या वाणांपेक्षा बराच कमी बळी पडतो आणि रसाला फार चांगला. पावसाळी ऑक्टोबरमध्ये शरद गेला, तरी या दहा वेली हाती काही तरी देतील.

शनिवार-रविवारचा प्रश्न उरतोच. गोडी छाटणीनंतर 12 ते 45 दिवस हा डावणीचा, म्हणजे केवड्याचा काळ. रात्री पाऊस पडला आणि सकाळी पाने ओली राहिली, तर फवारणी त्याच दिवशी व्हावी लागते. शनिवारपर्यंत थांबलात तर पानाखाली पांढरी लव आणि कुजलेले फुलोरे दिसतील. एवढे पाच आठवडे रोज चक्कर मारणारा गावातला माणूस ठरवा. तो मिळत नसेल तर शरद लावू नका, चाळीसही वेली एआरआय-516 च्या लावा.

खुंटाबद्दल, म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर वाणाचे कलम करतात त्याबद्दल, थोडे. महाराष्ट्रात डॉगरिज सर्वाधिक आहे, कारण क्षार आणि पाण्याचा ताण तो सोसतो. पण तो वेलीला जोम फार देतो. तुमच्या मुरमाड जमिनीत तो जोम आटोक्यात राहील. भारी काळ्या जमिनीत रंगीत वाण डॉगरिजवर घेतला, तर पालवी दाटते आणि घड सावलीत जातात. तिथे 110 आर हा खुंट बरा. खुंटरोपे जानेवारी-फेब्रुवारीत लावा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये, बुंधा पेन्सिलीएवढा, 8 ते 10 मिलिमीटर जाड झाला की पाचर कलम करा. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये रिकट (कलमाची फूट पुन्हा खाली छाटणे), मग खोड, ओलांडे (खोडाचे आडवे हात), काड्या, आणि त्या ऑक्टोबरला पहिली फळछाटणी. लागणीपासून पहिला घड हाती यायला दोन वर्षे लागतात. रिकटनंतरचे चार महिने घाई करून एका दमात लांब ओलांडा काढला, तर मधले डोळे झोपतात आणि ती रिकामी जागा वर्षानुवर्षे भरत नाही. ओलांडा सात-आठ पानांवर शेंडा मारत, टप्प्याटप्प्याने वाढवा.

काडी कुठून आणायची, हे वाणाइतकेच महत्त्वाचे. फेब्रुवारीत, माल झाडावर असताना, ओळखीच्या बागेत जा. ज्या वेलीचे सगळे घड देठापासून टोकापर्यंत सारखे काळे आहेत, तिच्या खोडाला रंगीत दोरी बांधून या. कलमाच्या वेळी त्याच वेलीची काडी घ्या. पाने नसलेल्या काडीवरून शरद कोणता आणि दुसरा काळा वाण कोणता, हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

प्रश्न : माझ्याकडे फ्लेम सीडलेसच्या 60 वेली आहेत. घडाचा वरचा भाग लाल होतो, खालचा हिरवट-गुलाबी राहतो. गोडी 17 ब्रिक्स येते. वाण बदलावा का?
– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : एवढ्यात बदलू नका. तीन गोष्टी तपासा, बहुधा त्यांपैकी एकीत दोष सापडेल.

पहिली, घडांची संख्या. दीड चौरस फुटाला एक घड हा नेहमीचा हिशेब. 10 × 6 फुटांच्या वेलीवर 40 घड होतात. रंगीत वाणात आम्ही 30 वर थांबू. घड मोजताना हात लावून मोजा, नजरेने नेहमी कमी दिसतात. एका घडामागे 12 ते 15 निरोगी पाने नसतील, तर साखर पुरत नाही. साखर अडली की रंगही अडतो. मणी बाजरीएवढे असतानाच घडाचा खालचा एक चतुर्थांश शेंडा खुडून टाका. तुमचा हिरवा राहणारा भाग नेमका तोच आहे.

दुसरी, छाटणीची तारीख. लाल रंगद्रव्य मण्यात पाणी उतरल्यापासून, म्हणजे मणी मऊ पडू लागल्यापासून तयार होते. दुपारचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की ते काम मंदावते. ऑक्टोबरच्या 10 ते 20 तारखेला छाटलेल्या बागेत पाणी उतरण्याचा काळ जानेवारीच्या थंडीत येतो. नोव्हेंबरअखेर छाटलेली बाग त्याच टप्प्यावर फेब्रुवारीअखेरच्या उन्हात सापडते. सप्टेंबरात छाटून आणखी पुढे जायचे म्हटले तर फुलोरा परतीच्या पावसात अडकतो, तेव्हा तो मोह टाळा.

तिसरी, मणी फुगवण्याची औषधे. सीपीपीयू वापरत असाल, तर रंग लांबण्याचे कारण तेच असू शकते. मणी फुगतो, साल जाड होते आणि रंग मागे पडतो. यंदा दहा वेली त्याशिवाय ठेवून बघा.

पाणी उतरू लागले की नत्र बंद करा. घडाच्या बुडाची दोन-तीन पाने फक्त पूर्वेकडून काढा. पश्चिमेकडची काढलीत तर दुपारच्या उन्हाने मणी भाजून तपकिरी होतात. जाळीही याच वेळी लावा. लाल रंगाचा पहिला ठिपका दिसताच बुलबुल आणि साळुंक्या येतात, आणि टोचलेल्या मण्यातून सगळा घड आंबतो.

प्रश्न : घरच्या बागेसाठी बोर्डो मिश्रण थोड्या प्रमाणात कसे करावे? मागच्या वर्षी पाने करपली.
– एक वाचक, निफाड

उत्तर : एक टक्क्याच्या 10 लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम विरी न गेलेला कळीचा चुना घ्या. दोन्ही वेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात करा, चुना आधी विरवून गाळून घ्या. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता. लोखंडी भांडे अजिबात नको. तयार मिश्रणात घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर चढला, तर तांबे मोकळे आहे, अजून चुन्याची निवळी घाला. तुमची पाने बहुधा याच कारणाने करपली, किंवा कोवळ्या फुटीवर एक टक्क्याचे मिश्रण गेले. कोवळ्या फुटीला अर्धा टक्का पुरे, म्हणजे दोन्ही 50-50 ग्रॅम. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पारा 35 अंशांच्या वर असताना ते फवारू नका.

प्रश्न : दिंडोरीजवळ दोन गुंठ्यांत शिराझ किंवा कॅबर्ने लावून घरीच थोडी रेड वाइन करावी, असा विचार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : महाराष्ट्रात परवान्याशिवाय वाइन तयार करणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, मग ती स्वतःपुरती का असेना. द्राक्षे लावायला हरकत नाही. दोन्ही वाणांचे मणी लहान, बियांचे आणि जाड सालीचे असतात, त्यामुळे खायला कुणाला फारसे आवडत नाहीत. रसासाठीच लावायचे असेल, तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा मांजरी मेडिका बघा. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या या संकराचा गरसुद्धा लाल असतो. साल उकळून रंग काढत बसावे लागत नाही.

प्रश्न : न्यू जर्सीत घरामागे चार वेली लावायच्या आहेत. पुढच्या भारतभेटीत शरदच्या काड्या आणाव्यात का?
– एक वाचक, एडिसन

उत्तर : आणू नका. परवान्याशिवाय द्राक्षाची काडी अमेरिकेत नेता येत नाही. शिवाय शरद तिथल्या हिवाळ्यात टिकेल याचा भरवसा नाही. बिनबियांचा हवा असेल तर अर्कान्सामध्ये तयार झालेले रिलायन्स आणि मार्स हे वाण तिथल्या रोपवाटिकांत मिळतात. रिलायन्स लाल आणि फार गोड, पण साल नाजूक, पिकताना पाऊस आला तर तडकतो. मार्स निळा-काळा आणि रोगाला जास्त सोशिक, म्हणून आम्ही तीन वेली मार्सच्या आणि एक रिलायन्सची लावू. तिथे छाटणी वर्षातून एकदाच, कडाका ओसरल्यावर मार्चमध्ये. कापलेल्या टोकातून पाणी ठिबकेल, त्याची काळजी करू नका. चव बंगलोर ब्लूच्या जवळची लागेल. लहानपणी ती द्राक्षे खाल्ली असतील, तर तो वास लगेच ओळखाल.