घसरत्या बाजारात हप्ता थांबवावा का?

प्रश्न : आम्ही पतीपत्नी साताऱ्यात शिक्षक आहोत. सहा वर्षांपासून म्युच्युअल फंडात दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी (ठरावीक रकमेचा नियमित गुंतवणूक हप्ता) सुरू आहे. बाजार घसरल्यामुळे सासूबाई ती बंद करा म्हणतात. मुलगी नववीत आहे. काय करावे?

उत्तर : सासूबाईंची काळजी रास्त आहे, मात्र तिचा संबंध हप्त्यापेक्षा पैसे केव्हा लागणार याच्याशी अधिक आहे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स (मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक) ऑक्टोबरमध्ये ८,५०० च्या घरात आला आणि पुन्हा ती पातळी गाठायला २०१० ची दिवाळी उजाडली. त्या मधल्या काळात ज्यांच्या घरी शिक्षणाची फी भरायची होती, त्यांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. म्हणून मुलीच्या बारावीनंतरच्या फीची रक्कम आतापासूनच टप्प्याटप्प्याने काढून बँकेच्या मुदत ठेवीत न्यावी. एका बँकेत पाच लाखांपर्यंतच्या ठेवींनाच विमासंरक्षण असते, हेही ध्यानात असू द्यावे.

निवृत्तीसाठीचा हप्ता मात्र थांबवू नये. युनिटचा, म्हणजे फंडातील एका हिश्शाचा, भाव ५० असताना ५,००० रुपयांत १०० युनिट मिळतात, तो २५ वर आला की २०० मिळतात, आणि पंधरा-वीस वर्षे हाताशी असणाऱ्यांना याचाच उपयोग होतो. सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात आणि दोघांचाही मुदत विमा (टर्म इन्शुरन्स, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाल्यास कुटुंबाला रक्कम देणारा विमा) नसेल, तर आधी ते करावे.