नोव्हेंबरात पाँडिचेरी: जा, पण परतीचा दिवस आधी सोडवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून सहा जण, त्यात सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा, नोव्हेंबरात जोडून आलेल्या सुट्टीत चार दिवस पाँडिचेरी. चेन्नईपर्यंत विमान, हॉटेल, गाडी असं सगळं एकाच बुकिंग कंपनीच्या पॅकेजमध्ये. आता फोनवर चारही दिवस ढग आणि थेंब दिसतायत आणि कंपनी म्हणते, रद्द केलंत तर एक रुपयाही परत नाही. रद्द करायचं की जायचं?

मी हवामान खात्यात नाही आणि वकीलही नाही, हे आधी सांगून ठेवते. पण कंपनीचं हे उत्तर चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत: जा. फक्त दोन गोष्टी आजच करा. परतीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम पाँडिचेरीतून हलवा आणि कंपनीशी जे काही बोलायचं ते फक्त ईमेलवर बोला.

आधी पाऊस. आपल्याकडे परतीचा पाऊस गेला की शरदाचं स्वच्छ आकाश असतं, म्हणून तिथेही तसंच असेल असं धरून लोक बुकिंग करतात. तामिळनाडूच्या किनाऱ्यावर नेमकं उलटं आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीपलीकडे असल्याने त्यांना पाऊस बेताचाच मिळतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वारे फिरतात, बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येतात आणि डिसेंबरपर्यंत तिथला खरा पावसाळा चालतो. नोव्हेंबर हा पाँडिचेरीचा वर्षातला सगळ्यात पावसाचा महिना. तरी हा पाऊस कोकणासारखा आठवडाभर लागून राहत नाही. समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की दोन-तीन दिवस झोडपतो, मग चक्क ऊन पडतं. किनाऱ्यावर त्याचा जोर बऱ्याचदा रात्री आणि पहाटे असतो. पहाटे तासभर पडून गेलेल्या पावसासाठीही फोनवरचं ॲप अख्ख्या दिवसावर थेंबाचं चिन्ह लावतं, त्यामुळे त्या चिन्हावरून काही ठरवू नका.

बघायचं ते भारतीय हवामान खात्याच्या चेन्नई केंद्राचं जिल्हावार पूर्वानुमान. पाँडिचेरी लहान आहे, तेव्हा शेजारचे विल्लुपुरम आणि कडलूर आणि तुमच्या रस्त्यावरचा चेंगलपट्टू हे जिल्हेही बघा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' अशी वर्गवारी आहे. पिवळ्या इशाऱ्यात शहर फिरता येतं. नारिंगी असेल तर त्या दिवशी शहराबाहेर जाऊ नका. लाल असेल तर हॉटेलातच थांबा. निघण्याच्या पाच दिवस आधीपासून रोज दुपारी एकदा बघितलं तरी पुरे, त्याआधीचं बघून नुसती झोप उडते. पत्रकात 'डिप्रेशन' (कमी दाबाच्या क्षेत्राची पुढची, तीव्र पायरी) शब्द आला की सावध व्हा. वारा ताशी ६२ किलोमीटरच्या पुढे गेला की त्यालाच चक्रीवादळ म्हणतात, आणि मधली 'डीप डिप्रेशन'ची पायरी कधीकधी एका दिवसात ओलांडली जाते.

आता परतीचा दिवस, कारण सहलीचा सगळ्यात कच्चा दुवा हाच असतो. २०२४ चं फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरच्या रात्री पाँडिचेरीजवळच किनाऱ्याला लागलं आणि तिथेच रेंगाळलं. २४ तासांत शहरात ४५ सेंटीमीटरच्या वर पाऊस झाला. चेन्नई विमानतळ ३० तारखेला दुपारी बंद झाला तो १ डिसेंबरच्या पहाटेपर्यंत. इथवर सगळ्यांना अंदाज होता. पण विल्लुपुरमजवळ रेल्वेच्या पुलाखाली पाणी धोक्याच्या वर चढलं आणि गाड्या थांबल्या, ते २ डिसेंबरला. सातनूर धरणातून सोडलेलं पाणी तेनपेन्नई नदीतून खाली आलं आणि विल्लुपुरमजवळ चेन्नई-त्रिची महामार्गही अडला. म्हणजे मुख्य पाऊस पडून गेल्यानंतर वाट बंद झाली. पाँडिचेरीची रेल्वे विल्लुपुरमवरूनच जाते, त्यामुळे विमानाऐवजी रेल्वेने परत येऊ म्हटलं तरी तो धोका टळत नाही.

तुमच्या पॅकेजमध्ये चौथ्या दिवशी सकाळी पाँडिचेरी सोडून चेन्नईहून दुपारचं विमान आहे. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास, कोरड्या दिवशी तीन-साडेतीन तास. पावसात त्याचे पाच सहज होतात. तिसऱ्या दिवशी दुपारीच निघा आणि रात्र महाबलीपुरमला काढा. दोन तृतीयांश रस्ता मागे पडतो, किनाऱ्यावरचं मंदिर सकाळी बघून होतं आणि विमानतळ साधारण पन्नास किलोमीटरवर उरतो. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर महाबलीपुरमलाही थांबू नका, थेट चेन्नईत आलंदूर किंवा गिंडीला मेट्रो स्टेशनजवळ खोली घ्या. ही स्टेशनं विमानतळाच्याच मेट्रो मार्गावर आहेत. रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं तरी बहुतेक वेळा मेट्रो चालू असते. पाँडिचेरीच्या एका रात्रीचे पैसे बुडतील, ते बुडू द्या. सहा जणांची ऐनवेळची विमानाची तिकिटं काढावी लागली तर त्याच्या कितीतरी पट जातात.

आता ती कंपनी. नाव लिहीत नाही, तुमची तीच असेल असंही नाही. पण आमचे सगळ्यात जास्त पैसे आणि डोकं वादळाने खाल्लं नाही, अशाच एका बुकिंग कंपनीच्या मदत कक्षाने खाल्लं. पॅकेजमध्ये पैसे एका हातात आणि जबाबदारी तीन हातांत असते. हॉटेलला विचारलं तर ते म्हणतं, तुमचे पैसे आमच्याकडे आलेच नाहीत, कंपनीने लिहून दिलं तर तारीख बदलू. कंपनी म्हणते, हॉटेल सुरू आहे, मग परत कसले मागता? वादळाच्या दिवसांत विमान कंपन्या बऱ्याचदा तारीख फुकट बदलून देतात, पण ती सवलत थोड्याच दिवसांपुरती असते. मधल्या कंपनीमार्फत काढलेलं तिकीट असेल तर विमान कंपनी सांगते, त्यांच्याकडूनच बदलून घ्या. आणि ही मंडळी 'विनंती पुढे पाठवली आहे' एवढं एक वाक्य पाठवून सवलतीची मुदत संपेपर्यंत गप्प बसतात. दर वेळी फोन नवीन माणूस उचलतो, त्याला सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि आधीच्या माणसाने दिलेल्या शब्दाची त्यांच्याकडे नोंदच नसते. याची अजून चीड येते, कारण यातलं काहीही नाइलाजाने होत नाही. लोक कंटाळून सोडून देतील, याच भरवशावर हे चालतं.

म्हणून आजच एक ईमेल पाठवा: तिन्ही भागांची किंमत वेगवेगळी लिहून मागा, विमानाचा पीएनआर आणि हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर मागा. पीएनआर हातात आला की विमान कंपनीच्या ॲपमध्ये तिकीट उघडून बघा आणि संपर्कासाठी तुमचाच मोबाइल नंबर टाका. बऱ्याचदा तिथे एजंटचा नंबर असतो आणि विमान रद्द झाल्याचा मेसेज त्यालाच जातो. हॉटेलला फोन करून सहा जणांची नावं त्यांच्या नोंदीत आहेत ना, ते विचारा. इशारा आला तर हवामान खात्याच्या पत्रकाचा तारखेसकट स्क्रीनशॉट ठेवा.

विमान कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर दुसरं उड्डाण किंवा पैसे परत, यातली निवड तुमची असते. कारण हवामान असेल तर वेगळी भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पैसे बुडत नाहीत. तुम्ही आधीच घाबरून रद्द केलंत तर मात्र हा हक्क जातो, म्हणून त्यांनी रद्द करेपर्यंत दम धरा. रेल्वेचं ई-तिकीट असेल तर गाडी रद्द झाल्यावर पैसे आपोआप येतात. गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्हाला जायचं नसेल, तर ती सुटण्याआधी टीडीआर (पैसे परत मागण्याचा ऑनलाइन अर्ज) भरावा लागतो, नंतर भरून उपयोग होत नाही. प्रवास विमा घ्यायचा तर आजच घ्या, वादळाची बातमी आल्यावर घेतलेला विमा त्या वादळासाठी बहुधा चालत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि विमानाच्या बाबतीत एअरसेवा हे सरकारी तक्रार पोर्टल. तिथे तक्रार नोंदवल्याचा क्रमांक ईमेलमध्ये लिहिला की मदत कक्षाचा सूर बदलतो, असा अनुभव आहे. प्रत्येकाला येईलच याची खात्री देत नाही.

हॉटेलबद्दल दोनच प्रश्न विचारा. जनरेटरवर काय काय चालतं? वादळाआधी वीज मुद्दाम बंद करतात, आणि 'पॉवर बॅकअप आहे' याचा अर्थ कधीकधी पॅसेजमधला एक दिवा एवढाच असतो. सासूबाई आहेत, लिफ्टचं स्पष्ट विचारा. दुसरं, खोली तळमजल्यावर आहे का? व्हाइट टाउनमधली (जुन्या फ्रेंच वस्तीतली) मधल्या चौकाची जुनी घरं देखणी असतात, पण या दिवसांत तळमजल्याच्या भिंतींना ओल येते. पहिला मजला मागा. रेनबो नगर किंवा इंदिरा गांधी चौकाच्या बाजूला हॉटेल असेल तर बदलता येतंय का बघा, तिथे पाणी साचतं. रोख पैसे दोन दिवस पुरतील एवढे ठेवा, वीज आणि नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. छत्री समुद्राच्या वाऱ्यात उलटते, तेव्हा रेनकोट आणि मागे पट्टा असलेल्या सँडल घ्या. डासांचं मलम विसरू नका, डेंग्यूचेही हेच दिवस.

फिरण्याचं तुम्ही बघालच, तरी एवढं सांगते. पॅराडाइज बीचला चुन्नाम्बारहून बोटीने जावं लागतं आणि बंदरावर वादळाचा बावटा चढला की बोटी बंद होतात, त्यामुळे मुलाला आधी कबूल करू नका. रॉक बीचवर पाण्यात उतरायचंच नाही, दगड आहेत. संध्याकाळी ६ पासून सकाळी साडेसातपर्यंत तो किनाऱ्याचा रस्ता वाहनांना बंद असतो, उघडीप मिळाली की मुलाला तिथे मोकळं सोडता येतं. ऑरोव्हिलमधलं मातृमंदिर (ध्यानाचा सोनेरी घुमट) आतून बघायचं तर आगाऊ नोंदणी लागते. बाहेरून बघायलाही साधारण एक किलोमीटर चालावं लागतं, पण ज्येष्ठांसाठी गाडीची सोय असते. पास घेतानाच विचारा. झोडपून पाऊस असेल त्या दिवशी संग्रहालय आणि मनकुळ विनायगर मंदिर, दोन्ही जवळजवळ आहेत.

आणि दुसऱ्या दिवशी आकाश स्वच्छ असेल तर जिंजी सोडू नका. पाँडिचेरीपासून साधारण ७० किलोमीटर. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेला आणि पुढे राजाराम महाराजांनी मुघलांचा वेढा सोसत १६९८ पर्यंत लढवलेला हा किल्ला. २०२५ मध्ये आपल्या किल्ल्यांबरोबर तोही जागतिक वारशाच्या यादीत आला. सकाळी लवकर पोचा. भिजलेल्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या फार निसरड्या होतात, म्हणून रात्री पाऊस झाला असेल तर सासूबाई आणि मुलासाठी खालचं कल्याण महाल आणि धान्य कोठारांचं आवारच ठेवा. राजगिरी ही किल्ल्याची उंच टेकडी चढणाऱ्यांनी ढग गडगडायला लागले की अर्ध्यातून खाली उतरावं, वर विजेपासून आडोसा फारसा नाही. गाडीवाल्याला जिंजीचे जादा किलोमीटर किती पडतील ते आधीच विचारून त्याच ईमेलमध्ये लिहून घ्या.