फ्रान्झ जोसेफ हिमनदीवर गाइडशिवाय चालत जाता येतं का?

नाही. न्यूझीलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही हिमनदी इतकी मागे सरकली आहे की २०१२पासून दरीतून बर्फावर पायी चढणं बंद आहे. हेलिकॉप्टरने वर उतरायचं आणि गाइडबरोबर चालायचं. बूट, क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली लावायचे काटे), जाकीट तेच देतात. जीन्स मात्र नको, भिजली की वाळत नाही.

खरी अडचण हवामानाची. खालचं घनदाट रान ज्या पावसावर पोसलंय, तोच वर बर्फ होऊन हिमनदीला पोसतो. ढग उतरले की उड्डाण रद्द. म्हणून दोन रात्री तरी मुक्काम ठेवा आणि पहिल्याच सकाळची फेरी घ्या.

दरीतल्या वाटेवरून हिमनदी लांबूनच दिसते. फोटोसाठी दोरीपलीकडे अजिबात जाऊ नका. २००९मध्ये शेजारच्या फॉक्स हिमनदीच्या तोंडाशी बर्फ कोसळून दोन भाऊ गेले. सँडफ्लाय या बारीक माश्या घोट्यांना चावतात, लांब मोजे घाला.